दादाच्या गाठीची वंशावळ

पुण्याहून परत येऊन पंधरा दिवस झाले. दारव्ह्यात जो भेटतो तो विचारतो, "गुरुजी, पुण्यात काय काय पाह्यलं?" अडीच महिने राहून आलो म्हटल्यावर विचारणारच. खरं उत्तर दिलं की त्यांची तोंडं उतरतात. शनिवारवाडा पाहिला नाही. सिंहगड पाहिला तो लांबून, गाडीच्या काचेतून, तोही धुरकट. पाहिलं ते एका इस्पितळातलं केमोथेरपीचं दालन, मांजरीतलं एक घर, कात्रजचे साप, आणि माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात अभिमानाच्या कामातली एक ढळढळीत चूक. तरीही प्रवास झकास झाला, हे आधीच सांगून टाकतो.

गेलो होतो मोठ्या भावासाठी. वसंतादादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. दारव्ह्याच्या बसस्टँडजवळ त्याचं सायकलचं दुकान आहे. आता ते त्याचा मुलगा सांभाळतो. दादाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि यवतमाळला चार महिने औषध चाललं. केस गेले, वजन गेलं, गाठ मात्र जागची हलली नाही, उलट थोडी वाढलीच. तिथले डॉक्टर भले माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांच्या अंगात आता आणखी एकच औषध पेलायची ताकद आहे. ते चुकीचं दिलं तर पुन्हा संधी नाही. पुण्याला जा, गाठीची जनुकं तपासा, मग ठरवू द्या." जाताना गाठीचा तुकडा आणि घराण्याची सगळी माहिती सोबत न्यायला सांगितलं.

घराण्याची माहिती म्हटल्यावर माझी छाती फुगली. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर चार वर्षं खपून आमच्या राऊत घराण्याची वंशावळ तयार केली. नाशिकच्या उपाध्यायांच्या चोपड्या धुंडाळल्या, जुने दस्तऐवज वाचले आणि अकरा पिढ्या एका लांबलचक कागदावर सुंदर अक्षरात उतरवल्या. तो कागद मी गुंडाळी करून पिशवीत घेतला. इतकी जय्यत तयारी करून आलेला रुग्ण पुण्यानं पाहिला नसेल, अशी माझी खात्री होती.

विश्रांतवाडी

सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरलो तेव्हा रश्मी घ्यायला आली होती. रश्मी माझी एकुलती एक मुलगी. सात वर्षांपासून पुण्यात एका कंप्युटर कंपनीत आहे. जावई त्याच्या कंपनीच्या कामासाठी सहा महिने परदेशात, त्यामुळे विश्रांतवाडीतल्या सातव्या मजल्यावरच्या घरात ती एकटीच होती. दादानं जिन्यापाशीच काठी टेकली.

"मनू, लेकीच्या घरी किती दिस राह्यचं? बरं दिसत नाई ते."

"मोठेबाबा, लिफ्ट आली," रश्मी म्हणाली आणि तिनं त्याची पिशवी आत टाकली. पिशवी आत गेल्यावर दादाला जावंच लागलं.

आमच्याकडे अजून लेकीच्या घरचं पाणी पिताना माणूस दोनदा विचार करतो. इथे शेजारच्या घरात एका मुलीचे आईवडील कायमचे राहायला आले होते आणि जावई त्यांच्यासाठी रोज संध्याकाळी भाजी निवडत बसायचा. दादा गॅलरीतून हे दृश्य रोज पाही. विमानंही पाही. ती इतकी खालून जातात की खिडक्या मोजता येतात.

जेवणाचं मात्र अवघड झालं. रश्मीकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई पुण्याच्या, त्यामुळे आमटीत गूळ. दादानं पहिला भुरका मारला आणि वाटीकडे संशयानं पाहिलं. "वरणात गूळ काहून टाकते बाप्पा? सणवार हाये का आज?" बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला तिखट हवं असेल तर तसं सांगा, सण कशाला काढता?" दुसऱ्या दिवसापासून ताटात जवसाची चटणी आली. जेवणाआधी पचनाची गोळी आणि मग चटणीला बोट, असा दादाचा क्रम ठरून गेला.

इस्पितळ

गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्याशा ठोकळ्यात बसवून दिलेला असतो. यवतमाळचा उन्हाळा, त्यात बसमध्ये मेण वितळलं तर काय घ्या, म्हणून मी तो ठोकळा ओल्या फडक्यात गुंडाळून, पाण्याच्या बाटलीला बांधून आणला होता. वाटेत दोनदा फडकं भिजवलं. आपटे मॅडमनी ती पुरचुंडी टेबलावर सोडली. या मॅडम म्हणजे जनुकांविषयी घरच्यांशी बोलणाऱ्या समुपदेशक. वय जेमतेम तीस.

"हे मेण वितळायला पन्नासच्या पुढे तापमान लागतं," त्या म्हणाल्या. "विदर्भ अजून तिथवर पोचलेला नाही ना?"

मी हसलो, पण पुढे काय वाढून ठेवलंय याची मला कल्पना नव्हती.

आधी आम्ही मोठ्या डॉक्टरांना भेटलो होतो. त्यांनी दादाला विचारलं, "आजोबा, काय करायचात?" सायकलचं दुकान म्हटल्यावर ते खुशीत खुर्ची ओढून बसले. "मग तुम्हाला लगेच कळेल. ही गाठ नावानं सगळ्यांची एकच असते, पण आतून प्रत्येकाची वेगळी. म्हणून एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला पडत नाही. आता प्लॅटिनमपासून बनवलेली काही औषधं आहेत. ती पेशीच्या आतल्या धाग्यांना पंक्चर करतात. चांगल्या पेशीकडे ठिगळ लावायचं सामान असतं, ती दुरुस्त होते. पण काही गाठींमध्ये ते सामान बनवणारं जनुकच बिघडलेलं असतं. अशी गाठ पंक्चर झाली की तिला ठिगळ लावता येत नाही."

"म्हंजे सोल्युशनची ट्यूबच वाळेल," दादा म्हणाला.

"बरोबर! तुमच्या गाठीची ट्यूब वाळलेली आहे का, एवढंच शोधायचंय. थोड्याच लोकांची असते. नसेल तर या कडक औषधाचा त्रास भोगून फायदा कमी, मग दुसरं सौम्य काही बघू. हा बिघाड कधी फक्त गाठीत असतो, तर कधी जन्मापासून रक्तात, आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेला. म्हणून घराण्याची माहिती हवी."

दादाला त्याच्या आजाराबद्दल सहा महिन्यांत पहिल्यांदा काही समजलं होतं. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "पाह्य, हा डॉक्टर कारागीर हाये." त्याच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकलेली नाही.

आणि मग आपटे मॅडमसमोर मी वंशावळीची गुंडाळी उलगडली. टेबलाला पुरेना, म्हणून रश्मीनं दुसरं टोक धरलं. मॅडमनी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं.

"आपण फार कष्टानं केलेली दिसते."

"अकरा पिढ्या," मी म्हणालो.

"यात बायका दिसत नाहीत."

"वंशावळीत नसतात त्या."

"हो का? म्हणजे अकरा पिढ्या पुरुषांनीच जन्माला घातल्या. वैद्यकशास्त्राला कळवायला हवं." त्यांचं बोट खाली सरकत माझ्या नावावर आलं. "आणि आपल्या नावाखाली ही आडवी रेघ कसली?"

"तिथं शाखा संपते. मुलगा नाही मला."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं की कागदाचं दुसरं टोक रश्मीच्या हातात आहे. कागद ताणलेला राहावा म्हणून तिनं फक्त पकड बदलली. जिच्या घरी आम्ही राहत होतो, जी रजा टाकून आमच्यासोबत फिरत होती, तिच्यासमोर मी शाखा संपल्याचं सांगितलं होतं. मला इतकी लाज वाटली की पाणी मागून प्यालो.

मॅडमनी कोरा कागद घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला कॅन्सर झाला त्याचा आकार शाईनं भरायचा, अशी त्यांची पद्धत. दादाचा चौकोन भरला. "आता बहिणी सांगा."

"एकच होती. कुसुमअक्का. सगळ्यांत मोठी. पण तिचं लग्न पुसदच्या घरात..."

"लग्नानं रक्त बदलत नाही. कशानं गेल्या?"

"पोटात पाणी झालं होतं. साठी नुकतीच ओलांडली होती."

"आत्या?"

मला आठवेनाच. तेव्हा दादा हळूच म्हणाला, "गोदाआत्याले छातीत गाठ होती. फुटली होती. माय तिले हळद लावून दे. तू तवा पाळण्यात होता."

यवतमाळच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला होता तेव्हा मी ताठ मानेनं सांगितलं होतं, "आमच्या घराण्यात कोणालाही नाही." ते खोटं नव्हतं. आमचा हिशेबच तसा. मुलगी दिली की ती त्या घरची, तिचं सुखदुःख तिकडचं, तिचा आजारही तिकडचा. त्यांनी तसंच कागदावर लिहिलं आणि नेहमीचं औषध सुरू केलं. दादाचे चार महिने त्या माझ्या ताठ मानेनं खाल्ले.

मॅडमनी गोदाआत्याचा गोल भरला. अक्काच्या गोलात प्रश्नचिन्ह काढलं. "पोटात पाणी हा आजार नाही, लक्षण आहे. त्यांचे कागद मिळतील?"

अक्काची मुलगी शोभा मांजरीला राहते, एवढं मला ठाऊक होतं. अक्का गेल्यापासून, म्हणजे बारा वर्षांत, आम्ही दोघे मामा तिच्या दारात गेलो नव्हतो.

मांजरी

रश्मीनं फोनवरून गाडी बोलावली. अर्ध्या वाटेनंतर नवीन उंच इमारती आणि ऊस यांची सरमिसळ सुरू झाली. एका बाजूला बाराव्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे, दुसऱ्या बाजूला पाचट. फोनमधला नकाशा आम्हाला घेऊन थेट उसाच्या बांधावर पोचला आणि म्हणाला, आलं तुमचं ठिकाण. बांधावर एक शेतकरी खुरपं घेऊन उभे होते.

"हितनं रस्ता न्हाय. नवी बिल्डिंग पायजे व्हय? मागं फिरा अन् कालव्याच्या कडंकडंनं जावा. त्या म्यापला काय ठावं हाय? बिल्डिंगीच्या जागी परवापत्तुर माझाच ऊस हुता."

"ऊस बरा होता की बिल्डिंग?" दादानं खिडकीतून विचारलं.

"ऊस ग्वाड हुता. बिल्डिंगीला पाणीबी आमचंच लागतंय," ते म्हणाले आणि दादाचा चेहरा निरखून त्यांनी दोन कांडी कापून त्याच्या हातात दिली.

शोभानं दार उघडलं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, पण हनुवटी तंतोतंत अक्काची. तिनं क्षणभर पाहिलं, "मामा?" म्हणाली आणि वाकली. नवरा उसाच्या संशोधन संस्थेत नोकरीला, तो कामावर गेलेला. मी मनात वाक्यं जुळवून आलो होतो. एकही आठवलं नाही. गरज पडली म्हणून आलो आहोत हे लपवण्यासारखं नव्हतं, तेव्हा ते तसंच सांगून टाकलं.

ती आतून एक जुनी साडीची पिशवी घेऊन आली. आईचे सगळे कागद तिनं तारखेनुसार लावून ठेवले होते. तिसऱ्याच पानावर नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ लिहिलं होतं: अंडाशयाचा कॅन्सर. बारा वर्षं तो कागद इथे होता आणि आम्ही पोटात पाणी म्हणत बसलो होतो.

"जेवूनच जा," शोभा म्हणाली. तिनं पाटोडीचा रस्सा केला, आमच्याकडचा, तर्रीवाला. पुण्यात आल्यापासून पहिल्यांदा दादा पोटभर जेवला. रस्सा वाढता वाढताच ती सहज म्हणाली, "आणि मामा, लिहून घेत असाल तर माझंही लिहा. पाच वर्षांपूर्वी छातीची डावी बाजू काढली. आता बरी आहे मी."

दादाचा घास हातात राहिला. "अन् आमाले सांगतलं नाई?"

"कोणाला सांगायचं होतं, मामा?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. दादा रडला. सत्तरी ओलांडलेला माणूस, ताटावर बसून, बहिणीच्या लेकीसमोर, हुंदके देऊन रडला. मग शोभानंच त्याचे डोळे पुसले आणि वाटीत आणखी एक पाटोडी टाकली.

पंपाचे दिवस

अक्काचा गोल भरला. शोभाचा भरला. मोठ्या डॉक्टरांनी तो कागद दोन मिनिटं समोर धरला.

"तपासणीचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागतील. गाठ तीन आठवडे थांबणार नाही," ते म्हणाले. "रिपोर्ट काय म्हणेल ते या तीन बायकांनी बऱ्यापैकी सांगितलंय. मी प्लॅटिनमचं औषध सुरू करतो. खात्री देत नाही. पण आता अंधारात दगड मारत नाही आहोत."

त्याच आठवड्यात सुरू झालं. औषधाचा एक भाग इस्पितळात आणि उरलेला दोन दिवस घरी, गळ्यात अडकवलेल्या पिशवीतल्या छोट्या पंपातून. ती पिशवी गळ्यात घालून दादा गॅलरीत उभा राहिला की हुबेहूब एसटीचा कंडक्टर वाटे. शेजारचे भाजी निवडणारे जावई त्याला रोज विचारत, "काका, दारव्हा एक, किती?" आणि दादा डबल बेल मारल्यासारखी टिचकी वाजवी. त्रास झाला. उलट्या झाल्या, दोन दिवस तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पण शोभा दर पंधरवड्याला डबा घेऊन येऊ लागली आणि रश्मी ऑफिसचं काम मांडीवर घेऊन त्याच्या खाटेपाशी बसू लागली. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. दादाच्या रक्तात आणि गाठीत, दोन्हीकडे तो बिघाड होता. आपटे मॅडमचा फोन आला तेव्हा मी धन्यवाद म्हणालो.

"मला नका म्हणू," त्या म्हणाल्या. "वंशावळ आपणच पूर्ण केलीत. थोडी उशिरा केलीत इतकंच."

कात्रज

चौथ्या फेरीनंतर दादाला साप पाहायची हुक्की आली. म्हणून एका सकाळी आम्ही तिघं कात्रजला गेलो. दादानं प्रत्येक पेटीपुढे उभं राहून आमच्याकडे त्या सापाला काय म्हणतात ते मोठ्यानं सांगितलं. शेजारी एक पुणेकर आजोबा पाटी वाचत होते. ते म्हणाले, "आपण सांगा, मी पाटी नंतर वाचतो. ती कुठे जात नाही." दादानं ते मनावर घेतलं आणि पुढचा अर्धा तास त्यांनाही सोबत फिरवलं.

एक घोटाळा झालाच. या औषधानंतर थंड वस्तूला हात लावायचा नाही, असं आम्हाला चारचारदा बजावलं होतं. बाहेर आल्यावर दादानं ऐटीत दुकानातून गार दुधाची बाटली उचलली आणि विजेचा झटका बसल्यासारखा ओरडला. बाटली फुटली, दूध रस्त्यावर. दुकानदार म्हणाले, "काका, आवडलं नसेल तर परत करायचं, फोडायचं कशाला?" दादा बोटं चोळत इतका हसला की मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. तो हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं, मला आठवेना.

पुढच्या आठवड्यात स्कॅन झालं. डॉक्टरांनी जुनी आणि नवी चित्रं शेजारीशेजारी लावली. मलाही दिसलं, काही समजावून सांगावं लागलं नाही. गाठ जवळजवळ निम्मी झाली होती. "ही बरी झाली असं नाही म्हणणार मी," ते म्हणाले. "पण औषध लागू पडलंय, आणि वेळ मिळालाय. पुढच्या फेऱ्या यवतमाळला घेता येतील." दादानं त्यांना नमस्कार केला आणि म्हणाला, "सायकल चालू हाये ना? मंग झालं."

निघायच्या आदल्या दिवशी मी इस्पितळात जाऊन माझं स्वतःचं रक्त दिलं. तो बिघाड माझ्यात असेल तर रश्मीतही असू शकतो आणि वेळीच कळलं तर तिला जपता येईल. शोभानंही दिलं. रश्मी गाडीत म्हणाली, "घाबरू नका बाबा." वास्तविक हे मी तिला म्हणायला हवं होतं.

दारव्हा

परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते वंशावळीचं. अकरा पिढ्या आता जमणार नाहीत. गेलेल्या बायकांची नावं सांगायला कोणी उरलं नाही आणि नाशिकच्या चोपड्यांत मी ती शोधलीच नव्हती. म्हणून आजोबांपासून नवीन कागद घेतला. चौकोन आणि गोल. दादा दुकान उघडलं की स्टुलावर येऊन बसतो, चार पंक्चरं मुलाला दाखवून देतो आणि दुपारी माझ्याकडे येतो. अक्काचं नाव मी शेवटी लिहिलेलं पाहून त्यानं काठी आपटली.

"अक्काले माया आंधी लिव. ते मोठी होती. अन् तिच्यानंच वाचलो मी."

पुन्हा नवा कागद घेतला. अक्का पहिली, मग दादा, मग मी. अक्काखाली शोभा. माझ्या रक्ताचा रिपोर्ट यायचा आहे. कधी येईल तेव्हा येईल, त्यासाठी थांबलो नाही. माझ्या नावाखाली रेघ ओढली ती या वेळी उभी ओढली, तिच्या टोकाला गोल काढला आणि आत रश्मीचं नाव लिहिलं. संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा कागद तिला दिसेल असा धरला.

तिनं कागद नीट निरखला. मग, सात वर्षांत पुण्याची झालेली माझी मुलगी, म्हणाली, "बाबा, माझा गोल वाकडा आलाय."

"सवय नाही, बाई," मी म्हणालो. "आमच्या घराण्यात कोणी काढलाच नव्हता."